पैसे टाकायची फट आधी बुजवा

वाचकांचे प्रश्न, खेळणीवाल्या ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मॉलमधल्या गेम झोनवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. मुलांना तिथून हलवणं किती कठीण जातं, एवढाच त्यात मुद्दा होता. पत्रं आली ती मात्र वेगळंच विचारणारी: तसलं मशीन बारक्या पोरांसाठी आपणच करू शकतो का?

करू शकतो. पण आधी एक लक्षात घ्या. गेम झोनमधल्या मशीनचे निम्मे भाग खेळणाऱ्यासाठी नसतातच, गल्ल्यासाठी असतात. नाण्याची फट, काचेची पेटी, डोळे दिपवणारे दिवे, लांबून गिऱ्हाईक ओढणारा आवाज, उलटं मोजणारं घड्याळ. आणि बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी धोक्यांची यादी करायला बसलं की नेमके हेच भाग वर येतात. ते काढून टाकले की उरतं एक मोठं बटण आणि ते दाबल्याबरोबर घडणारं काहीतरी. तीन-चार वर्षांच्या मुलाला तेवढंच हवं असतं.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांसाठी साचे-अवजारं घडवतात तिथं, नोकरी केली, आता बालवाड्यांसाठी खेळणी करते. तेव्हा उत्तरांत मिलिमीटर येणारच. चालवून घ्या.

ताई, माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, सोल्डरिंगचा हात चांगला आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी घरी आर्केडचं, म्हणजे गेम झोनमधल्या मशीनसारखं, छोटं कपाट करायचंय. स्क्रीन नको. बटणं, दिवे, आवाज आणि एक जॉयस्टिक. घरात सव्वा वर्षाचा धाकटाही आहे. मापं आणि सामान सांगाल का?
एक बाबा, सातारा

खेळणं मुलीचं असलं तरी मापं धाकट्याची धरा. तुमच्या मशीनचा जो भाग सुटा होईल तो सरळ त्याच्या तोंडात जाणार आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तपासणीवाले एक नळकांडं वापरतात. आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका, एका बाजूला खोली २५.४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. खेळण्याचा सुटा भाग, किंवा पाडून-ओढून निघालेला तुकडा, न दाबता त्यात पूर्ण मावला तर तो नापास. खेळण्यांसाठीच्या आपल्या आयएस ९८७३ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागातही हेच आहे. चेंडूंचा नियम आणखी कडक, कारण गोल वस्तू घशात बसली की हवेला बाजूनं जायला जागाच राहत नाही. ४४.५ मिमीच्या भोकातून आरपार जाणारा चेंडू या वयाला चालत नाही. घरी गेज करायचं तर प्लायच्या तुकड्यात ३२ आणि ४५ मिमीच्या होल सॉनं (गोल भोक पाडायच्या करवतीनं) दोन भोकं पाडा. माप किंचित मोठं येतं, पण चूक झाली तर ती मुलाच्या बाजूनं होते.

आता तुमच्या जॉयस्टिकचा वरचा गोळा मोजा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या आर्केड जॉयस्टिकचा गोळा ३५ मिमीचा असतो आणि नुसता आट्यांवर बसवलेला असतो. मूल चाळा म्हणून उलटा फिरवत राहिलं की हातात येतो. ३२च्या भोकात तो अडकेल, ४५च्या भोकातून खाली पडेल. म्हणजे बाद. तुम्ही म्हणाल, आट्यांना लॉकटाइट (आट्या जाम करणारा डिंक) लावतो. लावा, तरी माझं मन मानत नाही, कारण दांडी उभी राहते ती राहतेच. लहान मूल बटणांवर पूर्ण ओणवं होऊन खेळतं आणि दांडीचं टोक त्याच्या डोळ्याच्या रेषेत येतं. त्यापेक्षा चाक द्या. पंधरा-अठरा सेंटीमीटर व्यासाचं भरीव लाकडी चाक, आरे नकोत, खाली पोटेन्शिओमीटर (जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तो भाग). चाक फिरवलं की समोरच्या पट्टीवरचा दिवा डावी-उजवीकडे सरकला पाहिजे. तुमच्या मुलीला त्यात जॉयस्टिकपेक्षा जास्त गंमत येईल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

बटणांत दोन जाती आहेत. एक वरून दाबून चिमट्यांवर बसते, दुसरी खालून नट आवळून. नटवाली घ्या. चिमट्यांची बटणं चमच्याच्या टोकानं उचकटतात आणि पोरांना चमचा नेमका तेव्हाच सापडतो. ३० मिमीच्या साध्या बटणांऐवजी ६० किंवा १०० मिमीची घुमटदार बटणं मिळाली तर उत्तम. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. ती अख्ख्या तळव्यानं दाबता येतात. घेताना दुकानातच घुमट हातानं पिळून, नखानं उचकटून बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

कपाट करू नका. गेम झोनमध्ये मशीन उभं असतं कारण तिथं मोठी माणसं उभ्यानं खेळतात आणि जागेचं भाडं चौरस फुटावर असतं. तुमची मुलगी जमिनीवर फतकल मारून बसते. तिच्यासाठी उतरत्या तोंडाची पेटी करा, मागची उंची २५ सेंमी, पुढची १२, रुंदी अर्धा मीटर, १२ मिमीचा प्लाय. ती कलंडत नाही आणि तिच्यावर चढलं तरी पडायला उंची नाही. उभंच हवं असा हट्ट असेल तर या वयाची मुलं साधारण ९५ ते ११० सेंमी उंच असतात हे धरून बटणं जमिनीपासून ५० सेंमीच्या आसपास ठेवा आणि मशीन मागून भिंतीला स्क्रूनं पक्कं करा. धाकटा त्याला धरूनच उभं राहायला शिकणार आहे.

सगळ्या कडांना किमान ३ मिमीची गोलाई द्या, आधी कानस, मग काचपेपर. मग जुना नायलॉनचा मोजा हातात घालून अख्ख्या पेटीवरून फिरवा. धागा अडकला तिथं कूस आहे, परत घासा. बोटानं तपासू नका, आपली बोटं कामानं निबर झालेली असतात.

हलणाऱ्या भागांतल्या फटींचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. एकतर ५ मिमीची सळई आत जाता कामा नये, नाहीतर १२ मिमीची सळई मोकळी गेली पाहिजे. मधलं काही नको, कारण मधल्या फटीत बोट जातं आणि अडकतं. चाक आणि पेटी यांच्यामधलं अंतर याच हिशेबानं ठेवा. स्पीकरसमोर ३ मिमीची भोकं पाडा आणि आतून कापड चिकटवा.

विजेचं सांगायला तुम्हीच जाणकार आहात, तरी सांगते. अ‍ॅडॅप्टर भिंतीत खोचून खेळ नको. डबल-ए मापाचे चार रिचार्जेबल सेल घ्या, ४.८ व्होल्ट होतात, आणि सेलमधून निघणाऱ्या वायरवर एक पॉलीफ्यूज (करंट फार वाढला की तो अडवणारा भाग) घाला. विजेच्या खेळण्यांना मानकात २४ व्होल्टची मर्यादा आहे, पण दिवे आणि आवाजासाठी पाचच्या वर जायचं काही कारण नाही. पॉवर बँकचा मोह होईल. आत लिथियम असतं हे झालंच, शिवाय दिवे विझलेले असताना करंट इतका कमी लागतो की पुष्कळ पॉवर बँका आपल्या आपण बंद पडतात आणि मूल बटण बडवत बसतं. सेलच्या कप्प्याला स्क्रूचं झाकण हवं आणि झाकण उघडलं तरी स्क्रू झाकणातच अडकून राहिला पाहिजे. सुटा स्क्रू कुठं जातो, ते वर सांगितलंच.

आवाजाला मोठमोठ्या मानकांत ५० सेंटीमीटरवर ८५ डेसिबलची कमाल मर्यादा आहे, कानाशी धरायच्या खेळण्यांना ६५. पण तुमची मुलगी पेटीवर वाकली की कान पंचवीस सेंटीमीटरवर येतो. अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. म्हणून पंचवीसवर मोजा आणि ६५ ते ७०च्या वर जाऊ देऊ नका. फोनवरचं अ‍ॅप अंदाजाला पुरतं. आवाजाची कमाल पातळी प्रोग्राममध्येच बांधून टाका, बाहेर बटण देऊ नका. पाहुणे आले की मुलं ते शेवटपर्यंत फिरवतात.

आणि दिवे लुकलुकवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा तर कधीच नाही. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा चमकला आणि सहाशेहून अधिक मुलं झटके, उलट्या, चक्कर अशा तक्रारींनी दवाखान्यात पोहोचली. दिवा हळूहळू उजळावा, हळूहळू मावळावा. प्रोग्रामला दोन ओळी जास्त लागतील.

नातवाच्या चौथ्या वाढदिवसासाठी ऑनलाइन छोटं क्लॉ मशीन, पंजानं खेळणी उचलायचं, मागवलं. खोक्यावर कसलाच शिक्का नाही. रिमोटमध्ये गोल चपटा सेल आहे आणि आत प्लॅस्टिकच्या अंड्यांत बारकी खेळणी. देऊ की परत करू?
एक आजोबा, डोंबिवली

परत करा, आजोबा. वाढदिवसाला दुसरं काहीतरी सुचवते, पण आधी कारण ऐका.

तो गोल चपटा सेल, म्हणजे बटण सेल, ही या खेळण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्यातला नेहमीचा, ज्यावर २०३२ असं छापलेलं असतं, तो २० मिमी व्यासाचा असतो. मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर थुंकीतून वीज वाहायला लागते, त्या जागी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून भाजतं. सेल ‘संपलेला’ असला तरी एवढं करायची ताकद त्यात उरलेली असते. म्हणून खेळण्यातून काढलेले सेल खिडकीत किंवा टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका, चिकटपट्टीत गुंडाळून लगेच बाजूला करा. अमेरिकेत अशा दुर्घटनांनंतर २०२२ मध्ये खास कायदाच करावा लागला, सेलचा कप्पा मुलाला उघडता येणार नाही असाच हवा म्हणून.

कधी शंका जरी आली की सेल गिळलाय, तर लक्षणांची वाट न बघता एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात जायचं. उलटी करवायची नाही. एक वर्षावरचं मूल असेल, नीट गिळत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, असा अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राचा सल्ला आहे. मध मिळाला नाही म्हणून मात्र एक मिनिट थांबायचं नाही. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘बटण सेल’ असं सांगा. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो.

अंड्यांचं म्हणाल तर त्यांची अर्धी कवचं वाटीसारखी असतात. मूल ती तोंडावर लावून श्वास ओढतं आणि वाटी नाकातोंडावर घट्ट बसते. आतली खेळणी माझ्या ३२च्या भोकातून पाऊस पडल्यासारखी पडतील. आणि शिक्का नाही, म्हणजे हे खेळणं कुणी तपासलंय असं मानायला आधारच नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून बघता येतो. नातवाच्या आईला सांगा, तिच्या फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

खरं सांगायचं तर क्लॉ मशीन मला कुठल्याच आकारात आवडत नाही. मॉलमधल्या कित्येक मशीनमध्ये पंजाची पकड किती खेळांनी एकदा घट्ट व्हावी, हे मालकाला ठरवता येतं. पोराला वाटतं आपला नेम चुकला. वरून ते काचेमागं ठेवलेलं असतं, आणि काचेमागची वस्तू दिसली की लहान मूल दुसरा रस्ता शोधतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या एका मॉलमध्ये २०२४ साली तीन वर्षांचा मुलगा बक्षीस पडायच्या झडपेतूनच आत चढून गेला. पोलिसांना काच फोडून त्याला काढावं लागलं. मुलाला काही झालं नाही, मोठ्या मजेत होता म्हणे. पण खेळाच्या मैदानातल्या साहित्यासाठी एक नियम आहे, साडेतीन ते नऊ इंचांमधली कुठलीही उघडी जागा ठेवायची नाही, कारण तिच्यातून अंग जातं आणि डोकं अडकतं. झडपा करणाऱ्या प्रत्येकानं तो भिंतीवर लिहून ठेवावा.

आता वाढदिवसाचं. स्वयंपाकघरातला पोळ्या उलटायचा जाड टोकांचा चिमटा घ्या, टोकांना कापडी पट्टी गुंडाळा. परातीत कापडी चेंडू, लोकरीचे गोंडे, मोठ्या भेंड्या, बटाटे ठेवा. उचलून टोपलीत टाकायचे. पंजा त्याच्या हातात, पकड त्याच्या हातात. तुम्ही शेजारी बसून ‘गेला, गेला, पडला!’ असं ओरडायचं. आवाजाचा सगळा खर्च वाचला.

आमच्या बालवाडीत पंचवीस मुलं आहेत. मॉलमध्ये बिळातून उंदीर वर येतात आणि हातोडीनं मारायचे असतात, तो खेळ मुलांना फार हवाय. पण हातोडी दिली की ती उंदराला सोडून शेजारच्याला मारतात. काय करावं?
एक शिक्षिका, संगमनेर

हातोडी काढून टाकावी, बाई. शेजारच्याला मारणं हे एक झालं. दुसरं, हातोडीची दांडी हातात धरून मूल पळतं, पडतं, आणि दांडीचं गोल टोक तोंडात असतं. गोलसर टोकाच्या दांड्यांसाठी खेळण्यांच्या मानकात वेगळी चाचणी आहे, ती उगाच नाही.

हा खेळ १९७५च्या सुमारास जपानमध्ये आला, तिथं उंदराऐवजी चिचुंद्रीसारखा मातीत राहणारा प्राणी आहे. मशीनमध्ये तो भोकातून वर-खाली होतो आणि ते भोक व तो प्राणी यांच्यामधली फट हीच बोट चिरडायची जागा. त्यामुळे वर येणं-खाली जाणंच नको. मी बालवाड्यांना करून देते त्यात काहीही हलत नाही. एका बुटक्या चौरंगाच्या चारी बाजूंना एकेक मोठं बटण, आत दिवा. दिवा लागला की तळव्यानं दाबायचं, मग तो विझतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी समोर लागतो. चार मुलं चार बाजूंना बसतात. हात लांब करूनही दुसऱ्याच्या बटणापर्यंत पोहोचू नये इतका चौरंग रुंद ठेवायचा, साधारण ८० सेंमी.

यातली खरी युक्ती मशीनमध्ये नाही, वेळेत आहे. मोठ्यांच्या मशीनमध्ये दिवा क्षणभरात विझतो. माझा दिवा विझतच नाही, दाबेपर्यंत वाट बघतो. सुरुवातीला मुलांच्या पालकांना हे मिळमिळीत वाटतं. मुलांना नाही वाटत. ज्याच्यासमोर दिवा लागलाय तो कावळे मोजत बसलेला असतो आणि बाकीची तिघं ‘तुझा लागला, तुझा लागला!’ म्हणून किंचाळतात. जोरात दाबायची शर्यत सुरू झाली तर बटणाखाली फोम घाला, आवाज आणि हाताला बसणारा दणका दोन्ही कमी होतात.

विजेशिवाय हवं असेल तर फ्रीजचं मोठं खोकं आणा. वरच्या बाजूला आठ-आठ सेंटीमीटरची पाच भोकं कापा, कडांना कापडी चिकटपट्टी लावा, मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. तुमच्यातलं एक मोठं माणूस आत बसतं, हातात डोळे शिवलेले मोजे घालून. मोजा वर आला की मुलांनी फक्त टोपी घालायची, पेपरची किंवा कापडाची. मारायचं नाही, टोपी घालायची. मुलं सुद्धा आत बसायचा हट्ट धरतात, मग पाळी लावा. पंचवीस मुलांत दोन खोकी हवीत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या आर्केडमध्ये चार वर्षांच्या लेकीला स्की-बॉल इतका आवडला की आता घरी पुठ्ठ्याचा करणार आहोत. टेबल टेनिसचे चेंडू चालतील?
एक आई, एडिसन

अगदी खेळाच्या माहेरीच राहता की! स्की-बॉलचं पेटंट १९०८ सालचं, व्हाइनलँड गावच्या जोसेफ सिम्पसन यांचं, आणि ते तुमच्याच राज्यात. उतरत्या-चढत्या पट्टीवरून चेंडू घरंगळवायचा, टोकाला उसळी घेऊन तो गोल कप्प्यांत पडतो. आर्केडमधल्या सगळ्या खेळांत या वयाला सगळ्यात शोभणारा हाच, कारण यात फेकायचं नसतं, सोडायचं असतं.

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमीचा असतो. माझ्या ४५च्या भोकातून सरळ जातो. तुमची लेक चारची आहे, त्यामुळे तिच्यासाठी तुमच्या तिकडच्या कायद्यानं बंदी नाही, इशारा छापावा लागतो एवढंच. पण तिच्या मैत्रिणीबरोबर धाकटं भावंड येतंच ना? गोल्फचा चेंडूही ४३च्या आत आहे, आणि जड. लॉन टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटीमीटरचा, तो बसतो, पण पुठ्ठा फाडतो. मी कापडी चेंडू सुचवते, सात सेंटीमीटरचे, जुन्या सुती साडीच्या चिंध्या भरून बाहेरून दुहेरी शिवण. आत डाळ-तांदूळ किंवा मणी भरू नका, शिवण उसवली की तेच नवं खेळणं होतं.

पट्टी दीड मीटर पुरे. टोकाचा चढ हाताच्या पंजाएवढा उंच ठेवा. कप्प्यांवर १०, २०, ५० असे आकडे लिहू नका, तिला ते वाचता येत नाहीत आणि तुम्हाला मिरवायचे असतात. प्रत्येक कप्प्यात वेगळं वाजणारं काहीतरी ठेवा: स्टीलचं ताट, पत्र्याचा डबा, उशी. उशीत पडल्यावर काहीच वाजत नाही, याचंच मुलांना हसू फुटतं.

चार वर्षांचा मुलगा टॅबवर आर्केड गेम खेळतो आणि ‘गेम ओव्हर’ झालं की रडून गोंधळ घालतो. हरण्याची सवय आत्तापासून लागायला नको का?
एक आई, लातूर

नको. जीव तीन, मग दोन, मग शून्य, हे गणित अजून नाणं टाकायला लावण्यासाठी बसवलेलं होतं. तुमच्या टॅबला फट नाही, पण खेळ त्याच घडणीचा आहे. हरायला तो घरातल्या सापशिडीवर आपोआप शिकेल, तेही तुमच्या मांडीवर बसून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितलीय, कमी असेल तर बरं असंही. त्यातला रडण्याचा वेळ वजा करा.

बचत गटातर्फे आम्ही लाकडी, बटणांची खेळणी करून विकायचं ठरवतोय. आयएसआय घ्यावंच लागतं का? लहान धंद्याला सूट आहे असं ऐकलं.
एक भगिनी, नाशिक

स्वतःच्या लेकरासाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला, १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३चे लागू असणारे भाग: पहिल्यात टोकं, फटी, सुटे भाग, दुसऱ्यात पेट घेणं, तिसऱ्यात रंगांतून निघणारे शिसं-कॅडमियमसारखे धातू, नवव्यात प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं. सेलवर चालणाऱ्यांना त्याशिवाय आयएस १५६४४. तुमच्या बटणात दिवा लागला की तुम्ही त्या दुसऱ्या मानकात गेलात. बटण नुसतं ‘टक’ वाजत असेल तर नाही.

सूट आहे ती हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना, तसंच भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना. ‘बचत गट’ म्हणून आपोआप सूट मिळत नाही. तुमच्या गटातल्या कारागिरांकडे नोंदणीचं कार्ड आहे का, हे आधी बघा. नसेल तर बीआयएसचा अर्ज मानक ऑनलाइन पोर्टलवर होतो, चाचणीचा खर्च आधी विचारून घ्या आणि मगच रंग व आकार ठरवा. सुरुवात एकाच खेळण्यानं करा. दहा नमुने घेऊन गेलात तर दहाही तपासावे लागतील आणि भांडवल तिथंच संपेल.

माझं मत विचाराल तर पहिलं खेळणं बिनविजेचं करा. खुंटी दाबली की लाकडी पट्टीवर लाकडी गोळा पडून वाजतो, एवढंच. गोळा पेटीच्या आत कायमचा बंद. सूट मिळाली तरी ९३ सेंटीमीटरवरून फरशीवर चार वेळा पाडून बघायची चाचणी घरी कराच. मानकातली आहे, फुकट आहे, आणि कुठला सांधा कच्चा आहे हे लगेच कळतं.

घरी केलेल्या लाकडी खेळण्याला खिडक्यांचा उरलेला ऑइल पेंट लावला तर चालेल?
एक वाचक, कुडाळ

नाही. घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, आणि माळ्यावरचा डबा कधीचा आहे हे डबाही सांगत नाही. शिवाय खिडकी कुणी चाटत नाही. तुम्ही तर कुडाळचे, सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन विचारा खेळण्यांना काय लावतात. नाहीतर लाकूड उघडंच ठेवा, काचपेपर मारून त्यावर खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण गरम करून चोळा. रंग हवाच असेल तर खेळण्यांसाठी म्हणून प्रमाणित केलेला पाण्यातला रंग घ्या आणि खेळणं मुलाच्या हातात देण्याआधी पूर्ण वाळू द्या. नखानं खरवडल्यावर पापुद्रा निघाला तर तो रंग बाद, सगळा खरवडून काढा आणि मेणावर या.